साबणांतील शुभ्र भुकटी : भय किती आणि कोठें ?

साबणाची वडी शुभ्र असली म्हणजे ती शुद्धहि असली पाहिजे, असें आपणांस सहजच वाटतें. पांढरा रंग आणि पावित्र्य यांची सांगड आपल्या मनांत फार पूर्वींपासून बसलेली आहे. देवपूजेचें धूतवस्त्र पांढरें, शारदेचें कमलासन पांढरें, तान्ह्या मुलाचा पहिला आहार जें दूध तेंहि पांढरें. न्हाणीघरांतील वडीनेंहि तसेंच दिसावें ही अपेक्षा त्याच संस्कारांतून आलेली आहे. परंतु अलीकडे याच शुभ्रपणाविषयीं घराघरांतून धास्ती उत्पन्न झालेली दिसते. साबण पांढरा व्हावा म्हणून त्यांत टायटॅनियम डायॉक्साइड नांवाची भुकटी घालतात, युरोपांत तिच्यावर बंदी आहे, तिच्यापासून कर्करोग होतो, अशा आशयाचे निरोप मोबाइलवरून एका घरांतून दुसऱ्या घरांत जात असतात. नातवाला न्हाऊं घालणारी आजी तें ऐकून हातांतली वडी खालीं ठेवते. सून वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचूं लागते. आणि घरांतील कर्त्या पुरुषास विचारावें, तर “हल्लीं सगळ्यांतच विष आहे” एवढें बोलून तो मोकळा होतो.

या उत्तरानें कोणाचें समाधान होत नाहीं व होऊंहि नये. सगळ्यांतच विष आहे असें म्हणणें आणि कशांतच विष नाहीं असें म्हणणें, या दोहोंचा व्यवहारांत उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. कारण काय करावें व काय टाळावें हें कोणत्याच उत्तरावरून कळत नाहीं. शिवाय या प्रश्नास आतां आणखी एक बाजू उत्पन्न झाली आहे. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून स्त्रिया हौसेनें किंवा चार पैसे मिळविण्यासाठीं घरींच साबण करूं लागल्या आहेत. त्यांच्या फडताळांत ही भुकटी पुडीच्या रूपानें येऊन बसली आहे. बाजारच्या वडींतील थोडक्या भुकटीस भिणारें घर स्वयंपाकघरांत त्याच भुकटीची अख्खी पुडी उघडी टाकतें, असा विपरीत प्रकार कोठें कोठें दृष्टीस पडतो. भय नाहीं तेथें भीति आणि भय आहे तेथें बेफिकिरी, ही स्थिति घालवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही भुकटी आली कोठून ?

टायटॅनियम हा एक धातु आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे; तेथें विल्यम ग्रेगर नांवाच्या धर्मोपदेशकास १७९१ सालीं एका ओढ्याच्या काळ्या वाळूंत एका अपरिचित धातूचा अंश आढळला. पुढें १७९५ सालीं बर्लिनच्या क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानें स्वतंत्रपणें तोच धातु ओळखला आणि ग्रीक पुराणांतील टायटन नामक बलाढ्य देवांवरून त्याचें नामकरण केलें. या धातूचा प्राणवायूशीं संयोग होऊन जें बनतें तेंच टायटॅनियम डायॉक्साइड. आपल्या वैद्यांच्या यशदभस्मांत जसा जस्ताचा प्राणवायूशीं संयोग झालेला असतो, तसेंच हें टायटॅनियमचें भस्म म्हटलें तरी चालेल.

जगांतील अत्यंत शुभ्र अशा या भुकटीचें मूळ काळ्याकुट्ट वाळूंत असावें, हें आश्चर्य खरेंच. ही वाळू आपणांस परकी नाहीं. रत्नागिरीच्या बाजूस काळबादेवी, मालगुंड येथील पुळणींवर जे जड काळे कण लाटांबरोबर येऊन पसरतात, त्यांत इल्मेनाइट नांवाचें खनिज आहे. लोखंड व टायटॅनियम हे दोन्ही धातु त्यांत प्राणवायूसह एकत्र असतात. केरळांत चवरा आणि तमिळनाडूंत मणवाळकुरिची येथील किनारे या वाळूबद्दल विशेष प्रसिद्ध आहेत. १९१६ च्या सुमारास नॉर्वे व अमेरिका या देशांत या भुकटीचें व्यापारी उत्पादन सुरू झालें. आपल्याकडे त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स हा कारखाना १९४६ सालीं तिरुवनंतपुरम् येथें स्थापन झाला. आज भिंतीचा रंग, कागद, प्लॅस्टिक, औषधाच्या गोळ्यांवरील लेप, दंतमंजनाची पेस्ट, ओठांस लावण्याचा रंग आणि अंगाचा साबण इतक्या ठिकाणीं ती असते. साबणाच्या वेष्टनावर तिचें पूर्ण नांव तरी असतें, किंवा ‘सी. आय. ७७८९१’ असा तिचा अंक असतो.

शुभ्रतेचें कारण

खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो. तोच कुटला कीं पांढरी पिठीसाखर होते. साखर तीच, मग पांढरेपणा कोठून आला ? प्रत्येक बारीक कणाच्या पृष्ठावर प्रकाश वळतो, परततो व चहूंकडे विखुरतो. सर्व रंगांचा प्रकाश असा सारखाच विखुरला म्हणजे डोळ्यांस पांढरें दिसतें. परंतु बहुतेक भुकट्या तेलांत किंवा पाण्यांत भिजल्या कीं त्यांची शुभ्रता मावळते, कारण द्रवांतून कणांत शिरतांना प्रकाश फारसा वळत नाहीं. टायटॅनियमच्या भस्माचा विशेष हा कीं, प्रकाश वळविण्याच्या शक्तींत तें हिऱ्यासहि मागें टाकतें. हिऱ्याचा वक्रीभवनांक २·४२, तर या भस्माच्या दोन प्रमुख प्रकारांचा सुमारें २·५५ व २·७. म्हणून तेलांत, साबणांत, रंगांत कोठेंहि बुडविलें तरी त्याचा पांढरेपणा लोपत नाहीं. एकेक कण केसाच्या जाडीच्या सुमारें तीनशेव्या भागाएवढा असतो, म्हणून थोडक्या भुकटीनें पुष्कळ काम होतें. स्नानाच्या साबणांत सामान्यतः शेंकडा अर्धा भाग किंवा त्याहूनहि कमी भुकटी असते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही भुकटी मळ काढीत नाहीं, फेंस वाढवीत नाहीं, कातडीहि उजळ करीत नाहीं. तेलांचा साबण स्वभावतः पिवळट, तपकिरी किंवा हिरवट होतो; तो डोळ्यांस नीटनेटका दिसावा, एवढेंच तिचें प्रयोजन.

सफेत्याच्या जागीं

या भुकटीचा न्याय करण्यापूर्वीं तिच्या आधीं तिच्या जागीं काय होतें हें पाहिलें पाहिजे. युरोपांत शेंकडों वर्षें भिंतीच्या, चित्रांच्या व मुखलेपनाच्या रंगांत सफेता म्हणजे शिशाचा पांढरा क्षार वापरीत. शिसें शरीरांत सांचतें, मेंदूस व रक्तास बाध आणतें, आणि लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. रंगाऱ्यांना होणारी शिशाची बाधा इतकी सर्वश्रुत होती कीं, १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस घरांच्या अंतर्भागाच्या रंगकामांत सफेता वापरण्याविरुद्ध खास करार करावा लागला. सफेत्याची जागा प्रथम जस्ताच्या पांढऱ्या रंगानें व पुढें टायटॅनियमनें घेतली. आज आपल्या देशाच्या कायद्यानेंहि सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठीं शिशाचे व अर्सेनिकचे क्षार घालण्यास मनाई आहे. तेव्हां ही भुकटी एका खऱ्या विषाला हुसकावून आलेली आहे हें विसरूं नये. मात्र तेवढ्यावरून ती सर्वत्र व सर्वथा निर्दोष ठरते असेंहि नाहीं.

द्वारें तीन

आपल्या वैद्यकानें मात्रेचा विचार फार सूक्ष्मपणें केला आहे. योग्य युक्तीनें दिलेलें विषहि औषध होतें आणि अयोग्य रीतीनें दिलेलें औषधहि विष होतें, हा विचार चरकसंहितेंत आहे. त्या मात्रेबरोबर मार्गाचाहि विचार केला म्हणजे प्रस्तुत प्रश्न पुष्कळसा सुटतो. बाहेरचा पदार्थ शरीरांत शिरण्याचीं द्वारें मुख्यतः तीन : त्वचा, मुख आणि श्वास. एकाच भुकटीविषयीं या तिन्ही द्वारांवर मिळणारें उत्तर निरनिराळें आहे; आणि मोबाइलवरच्या निरोपांत हीं तिन्ही उत्तरें एकत्र कालविलेलीं असतात, हेंच गोंधळाचें मूळ होय.

प्रथम त्वचा. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून तो कौलांसारखा एकावर एक रचलेला असतो. ही भुकटी पाण्यांत किंवा तेलांत विरघळत नाहीं. तिचे कण घनच राहतात व त्या थरापाशींच अडतात. ऊन लागूं नये म्हणून अंगाला फांसण्याच्या मलमांत साबणांतील कणांहून कितीतरी बारीक कण वापरतात. तेसुद्धां निरोगी त्वचेंतून आंतील जिवंत भागापर्यंत पोंचत नाहींत, असें प्रयोगांत पुनःपुन्हां आढळलें आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक-सुरक्षा शास्त्रीय समितीनें २०१३ सालीं अशा मलमांत शेंकडा २५ पर्यंत हे सूक्ष्म कण त्वचेवर वापरण्यास हरकत नाहीं असा अभिप्राय दिला. मात्र फुप्फुसांत जातील अशा फवाऱ्यांत ते नसावेत, असेंहि त्याच समितीनें बजावलें. आतां साबणाचा हिशेब पाहा. १०० ग्रॅमची वडी एका माणसास महिनाभर पुरली आणि तींत शेंकडा अर्धा भाग भुकटी धरली, तर रोज सुमारें १७ मिलिग्रॅम भुकटी अंगावरून जाते, आणि तीहि क्षणभर टिकून पाण्याबरोबर मोरींत वाहून जाते. मलम तासन् तास अंगावर राहतें; साबण राहत नाहीं. सारांश, पांढऱ्या साबणानें स्नान करण्यांत या भुकटीमुळें भय मानण्याचें कारण दिसत नाहीं. बाळाच्या अंगावर पुरळ उठलें तर आधीं संशय घ्यावा तो साबणाच्या क्षारावर व सुवासावर; आणि त्वचा फुटलेली किंवा चिघळलेली असेल तर कोणताहि साबण डॉक्टरांस विचारूनच लावावा.

दुसरें द्वार मुख. युरोपांत बंदी आहे असें जें म्हणतात, तें या द्वाराविषयीं खरें आहे. फ्रान्सनें १ जानेवारी २०२० पासून खाद्यपदार्थांत ही भुकटी घालण्यास मना केली. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेनें मे २०२१ मध्यें असा निर्णय दिला कीं, पेशींतील आनुवंशिक द्रव्यास या भुकटीपासून अपाय होत नाहीं असें खात्रीनें म्हणतां येत नसल्यामुळें तिला अन्नांतील पूरक द्रव्य म्हणून सुरक्षित समजतां येत नाहीं. तदनुसार २०२२ सालीं संपूर्ण युरोपीय संघांत ती अन्नांतून काढण्यांत आली. परंतु हें मत सर्वमान्य झालेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषि संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीनें २०२३ सालीं तोच पुरावा तपासून अन्नांतील वापरास मर्यादा घालण्याची जरुरी नाहीं असें ठरविलें. अमेरिकेंतहि अन्नाच्या वजनाच्या शेंकडा एकपर्यंत तिला मुभा आहे. ओठांचा रंग व दंतमंजन यांविषयीं उपर्युक्त शास्त्रीय समितीनें २०२४ सालीं अधिक सावध भूमिका घेतली आणि तपासलेल्या बहुतेक प्रकारांच्या बाबतींत आनुवंशिक अपायाची शक्यता नाकारतां येत नाहीं असें म्हटलें. हा वाद शास्त्रज्ञांत अद्याप चालू आहे. आपल्यापुरतें तात्पर्य इतकेंच कीं, साबण हा खाण्याचा पदार्थ नव्हे. साबणासाठीं आणलेली भुकटी बर्फीस किंवा केकास पांढरेपणा आणण्यासाठीं कदापि वापरूं नये. आणि लहान मुलांस दंतमंजन गिळूं न देतां चूळ भरून थुंकण्याची संवय लावावी.

तिसरें द्वार श्वास, आणि खरें भय याच द्वारापाशीं आहे. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रयोगशाळेंतील मोठ्या उंदरांना दिवसाचे सहा तास, आठवड्याचे पांच दिवस, अशीं दोन वर्षें या भुकटीच्या धुळींत ठेवलें. दर घनमीटर हवेंत १०, ५० व २५० मिलिग्रॅम धूळ अशा तीन पायऱ्या होत्या. सर्वांत मोठ्या मात्रेंत उंदरांच्या फुप्फुसांत गांठी झालेल्या आढळल्या. फुप्फुसांत शिरलेली धूळ बाहेर काढण्याची शरीराची जी सोय असते, तीच या भारानें कोलमडली, असा त्याचा अर्थ करण्यांत येतो. मुख्यतः अशा प्रयोगांवरून फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००६ सालीं या भुकटीस ‘मनुष्यांत कर्करोगास कदाचित् कारण’ अशा २-ब या वर्गांत घातलें. हा वर्ग धोका किती मोठा हें सांगत नाहीं, पुरावा किती बळकट हें सांगतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कहि पुढें त्याच वर्गांत गेला. या भुकटीच्या कारखान्यांतील कामगारांच्या पाहण्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाशीं तिचा स्पष्ट संबंध आढळलेला नाहीं. युरोपीय संघानेंहि श्वासावाटे जाणाऱ्या चूर्णरूप भुकटीपुरती तशी वर्गवारी केली व ती ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. परंतु तेथील न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें ती रद्द केली आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल कायम केला.

न्यायालयानें वर्गवारी रद्द केली म्हणून धूळ पथ्यकर झाली, असें मात्र कोणीं समजूं नये. आम्हां शिक्षकांचें आयुष्य खडूच्या धुळींत गेलें. फळा पुसतांना तोंड फिरविण्याची संवय आम्हांस कोणत्याहि न्यायालयाच्या निकालावांचून लागली. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेनें २०११ सालीं कामगारांसाठीं अशी शिफारस केली कीं, या भुकटीची साधी बारीक धूळ दर घनमीटर हवेंत २·४ मिलिग्रॅमहून आणि अतिसूक्ष्म धूळ ०·३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. ही मर्यादा आयुष्यभर रोज दहा दहा तास काम करणाऱ्यांसाठीं आहे हें खरें. तरी तिच्यावरून प्रमाणाची कल्पना येते. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा स्वयंपाकघरांत २७ घनमीटर हवा असते. त्या हवेंत अवघी ६५ मिलिग्रॅम बारीक धूळ तरंगत राहिली तरी ती मर्यादा गांठली जाते. आणि ६५ मिलिग्रॅम म्हणजे एक चिमूटभरसुद्धां नव्हे. एका दिवसाच्या अशा धुळीनें कोणी आजारी पडेल असें नाहीं. परंतु जी गृहिणी दर आठवड्यास साबणाचे घाणे काढते, तिनें हा हिशेब मनांत बाळगावा.

घरीं साबण करणाऱ्या भगिनींस

वडींत घट्ट बसलेली भुकटी उडत नाहीं. उडते ती पुडींतली. म्हणून सगळी सावधगिरी पुडी उघडल्यापासून ती ओली होईपर्यंतच्या कांहीं मिनिटांत घ्यावयाची आहे.

भुकटी सौंदर्यप्रसाधनांसाठीं म्हणून विकली जाणारीच घ्यावी. रंगाच्या दुकानांतील भुकटी दिसावयास तशीच असते, परंतु तींतील अन्य धातूंचें प्रमाण अंगाच्या साबणाकरितां तपासलेलें नसतें. भुकटींत पाण्यांत मिसळणारी व तेलांत मिसळणारी असे दोन प्रकार मिळतात. आपली कोणती तें आधीं पाहावें, म्हणजे गुठळ्या होत नाहींत आणि गुठळ्या मोडण्यासाठीं कोरडी भुकटी चाळण्याचा मोह होत नाहीं. कोरडी भुकटी चाळणें हाच सर्वांत वाईट प्रकार होय. पंखा बंद करावा, नाकातोंडावर एन-९५ जातीची पट्टी घट्ट बांधावी. पदराचें टोंक किंवा साधा रुमाल या कामीं पुरा पडत नाहीं. वाटींत थोडें पाणी, ग्लिसरीन किंवा तेल घेऊन चमचा द्रवाला टेकवावा व भुकटी अलगद सोडावी. उंचावरून टाकूं नये. एकदां ती भिजून कालवली गेली कीं उडण्याचें भय संपलें. अर्धा किलो तेलास चहाचा एक सपाट चमचा पुष्कळ झाला. अधिक घातल्यानें साबण खडूसारखा निस्तेज दिसतो. सांडलेली भुकटी केरसुणीनें झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. वाटी, चमचा व साबणाचीं भांडीं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळूं नयेत. रांगतें मूल व दम्याचा विकार असलेलें वडील माणूस तेवढ्या वेळापुरतें दुसऱ्या खोलींत असावें. एकत्र कुटुंबांत ही व्यवस्था सांगून करावी लागते, आपोआप होत नाहीं.

आणि येथें प्रमाणाचा विवेक सोडूं नये. त्याच फळीवर टायटॅनियमच्या पुडीशेजारीं कॉस्टिक सोड्याचा डबा असतो. तो तिच्यापेक्षां कितीतरी भयंकर आहे. त्याचा थेंब डोळ्यांत उडाला तर दृष्टि जाऊं शकते. सोडा नेहमीं पाण्यांत थोडा थोडा टाकावा. पाणी सोड्यावर ओतूं नये, नाहींतर तें एकदम उसळतें. ॲल्युमिनियमचें भांडें घेऊं नये, कारण सोडा त्यास खातो व पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो; स्टीलचें घ्यावें. हातमोजे व चष्मा अवश्य असावा. कातडीवर उडाल्यास वाहत्या पाण्याखालीं बराच वेळ धुवावें. डोळ्यांत गेल्यास पाण्यानें धूत असतांनाच डॉक्टरांस बोलावण्याची तजवीज करावी.

साबण पांढरा करणें आणि माणूस गोरा करणें

या दोन गोष्टींची गल्लत होतां कामा नये, कारण दुसरीमध्यें खरें विष लपलेलें असूं शकतें. कातडी गोरी करण्याचें आश्वासन देणाऱ्या कांहीं साबणांत व मलमांत पाऱ्याचे क्षार आढळले आहेत. पारा त्वचेंतील रंगद्रव्याची उत्पत्ति रोखतो, म्हणून आरंभीं रंग उजळल्यासारखा वाटतो. परंतु टायटॅनियमच्या कणाप्रमाणें तो कातडीच्या दारांत थांबत नाहीं. तो आंत शिरून मूत्रपिंडांत सांचतो. केरळांत कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकीं १३ जणांनीं असें मलम लावल्याचें सांगितलें. मिनामाता करारानुसार दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक पारा असलेलीं प्रसाधनें २०२० नंतर बंद व्हावयाचीं होतीं, आणि २०२३ सालीं ती मर्यादाहि काढून पारा घातलेलीं सर्वच प्रसाधनें २०२५ पर्यंत बंद करण्याचें ठरलें. तरीहि कर्त्याचें नांव नसलेल्या डब्या विकल्या जातात. वेष्टनावर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द दिसले, किंवा घटकांचीं नांवेंच नसलीं, तर ती वस्तु घरांत आणूं नये. उपवर कन्येचा रंग उजळावा म्हणून घरांतील वडील मंडळीच अशी डबी आणून देतात, तेव्हां ती माया नसून अपाय आहे, हें स्पष्ट सांगणें जरूर आहे.

परीक्षा कशावरून करावी ?

मग चांगला साबण ओळखावा कसा ? पांढरेपणावरून नव्हे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें स्नानाच्या साबणाची प्रत त्यांतील स्निग्ध द्रव्याच्या प्रमाणावरून ठरते. वेष्टनावर तें ‘टीएफएम’ या अक्षरांखालीं छापलेलें असतें. शेंकडा ७६ किंवा अधिक असेल तर पहिली प्रत, ७० असेल तर दुसरी, ६० असेल तर तिसरी. हा अंक जितका कमी, तितकी भरतीची द्रव्यें अधिक. निंबाच्या तेलाचा मळकट दिसणारा साबण या परीक्षेंत वर येऊं शकतो आणि एखादी दुधासारखी वडी खालीं जाऊं शकते. घरीं करणाऱ्यांनीं तर पांढरेपणाचा हट्टच सोडण्यासारखा आहे. खोबरेल तेलाचें प्रमाण अधिक ठेवलें म्हणजे वडी स्वभावतःच पुष्कळ पांढरी होते. आणि थोडी पिवळसर राहिली म्हणून तिचा गुण उणा होत नाहीं. भुकटी घालावयाचीच असेल तर ती हौस म्हणून, सावधपणें घालावी. गरज म्हणून नव्हे.

एके काळीं परदेशी साबणांत प्राण्यांची चरबी असते म्हणून सोंवळ्याच्या घरांतून साबणास मज्जाव होता, व स्नानास डाळीचें पीठ आणि केसांस शिकेकाई किंवा रिठा चालत असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अर्देशिर गोदरेज यांनीं वनस्पतींच्या तेलांचा साबण बाजारांत आणला, तेव्हां त्या घरांचीं दारें साबणास उघडलीं. ‘यांत काय आहे ?’ हा त्या जुन्या माणसांचा प्रश्न योग्यच होता, आणि आजहि तो विचारलाच पाहिजे. त्यास आणखी दोन प्रश्न जोडावे : ‘तें किती आहे ?’ आणि ‘तें शरीरांत कोणत्या वाटेनें जाणार ?’ या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळविल्यावांचून आलेला निरोप पुढें पाठवूं नये. आजीनें खालीं ठेवलेली वडी पुन्हां खुशाल हातीं घ्यावी व नातवास न्हाऊं घालावें. आणि सुनेनें साबणाच्या कामास बसण्यापूर्वीं नाकातोंडावर पट्टी बांधली आहे कीं नाहीं, हें सासूनें आठवणीनें पाहावें.